फिनॉक्सीइथॅनॉल: शंभर टक्क्यांची बाटली, एक टक्क्याचं काम

घरी किंवा छोट्या युनिटमध्ये क्रीम, लोशन, फेसवॉश बनवणाऱ्यांच्या खरेदीच्या यादीत हल्ली फिनॉक्सीइथॅनॉल, म्हणजे मालात जीवाणू-बुरशी वाढू न देणारं प्रिझर्वेटिव्ह, असतंच. दुकानात नुसतं ‘फिनॉक्सी’ म्हटलं तरी पुरतं. ५० आणि १०० ग्रॅमच्या बाटल्या मिळतात, एक-पाच किलोचे कॅन मिळतात, कारखान्यांना ड्रम जातात. हे परीक्षण कॉस्मेटिक ग्रेडच्या शुद्ध फिनॉक्सीचं आहे. इथिलहेक्झिलग्लिसरीन हा मदतनीस घटक घातलेली तयार मिश्रणंही त्याच कुळातली, म्हणून तीही ओघात येतील.

मत आधीच सांगून टाकतो. माल विश्वासाचा आहे, आणि ज्यांच्याकडे ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आहे त्यांनी तो जरूर घ्यावा. ज्यांना ‘अंदाजे दहा-बारा थेंब’ टाकायची सवय आहे त्यांनी घेऊ नये. बाटलीत हे रसायन १०० टक्के असतं आणि डोळ्याला गंभीर इजा करू शकतं. तयार क्रीममध्ये ते जास्तीत जास्त १ टक्का असायला हवं, आणि तेवढ्या प्रमाणात ते बहुतेकांच्या त्वचेला निमूट सोसतं. या दोन आकड्यांच्या मधला प्रवास बनवणाऱ्याच्या हातात असतो. बहुतेक सगळ्या चुका तिथेच होतात.

आधी माल ओळखू. चांगलं फिनॉक्सी रंगहीन, किंचित दाटसर, पाण्याहून जड असतं. घनता साधारण १.१. बाटली हलवली की ग्लिसरीनपेक्षा पातळ पण पाण्यापेक्षा सुस्त अशी धार काचेवरून उतरते. वास मंद, गुलाबाकडे झुकणारा. म्हणूनच अत्तराच्या धंद्यातही ते दिसतं. झाकण उघडताच जुन्या लाल कार्बोलिक साबणासारखा उग्र वास आला तर बाटली परत करा. फिनॉक्सी बनतं ते फिनॉल आणि इथिलीन ऑक्साइड यांच्या अभिक्रियेतून, अल्कलीच्या उत्प्रेरणाने. शुद्धीकरण नीट झालं नाही तर फिनॉल मागे राहतं, आणि कार्बोलिकचा वास तोच. इथिलीन ऑक्साइड जास्त जोडलं गेलं की डायइथिलीन ग्लायकॉल फिनाइल ईथर हा भाऊबंद तयार होतो. रंग, शाई आणि रेझिनच्या कामासाठी विकल्या जाणाऱ्या टेक्निकल ग्रेडमध्ये तो बराच असतो. ते काम वेगळं, तो माल वेगळा. स्वस्त पडतो म्हणून चेहऱ्याच्या क्रीमसाठी तो घेणं हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे.

विकणाऱ्याकडे बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र मागा. लोक त्याला सीओए म्हणतात. त्यात गॅस क्रोमॅटोग्राफीने काढलेली शुद्धता ९९ टक्के किंवा वर, उरलेल्या फिनॉलचा आकडा, बॅच क्रमांक आणि मुदत दिसली पाहिजे. कॅस क्रमांक, म्हणजे रसायनाचा जगभर चालणारा ओळख क्रमांक, १२२-९९-६ असायला हवा. मोठ्या कॅनमधून छोट्या बाटल्यांत भरून विकणारे अनेकदा बॅच क्रमांक उतरवून घेत नाहीत. तसं असेल तर त्या बाटलीला प्रमाणपत्राचा काही उपयोग नाही. हे रसायन आपल्याकडेच तयार होतं. नवी मुंबईत मुख्यालय असलेली गॅलेक्सी सर्फॅक्टंट्स ही त्याची मोठी उत्पादक. त्यामुळे चांगला माल मिळत नाही ही सबब महाराष्ट्रात तरी चालू नये.

थंडीत एक गंमत दिसते आणि लोक घाबरतात. फिनॉक्सी साधारण ११ ते १३ अंश सेल्सिअसला गोठतं. निफाड-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा त्याखाली जातो, आणि सकाळी बाटलीत पांढरट खडा सापडतो. माल बिघडलेला नसतो. बाटली घट्ट बंद करून ४० अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात ठेवा, पूर्ण वितळू द्या, हलवा आणि मगच वजन करा. अर्धवट वितळलेल्या बाटलीतून काढू नका. तयार मिश्रण असेल तर हे जास्तच पाळायचं, कारण गोठताना घटक वेगळे होऊ शकतात आणि वरवरचं काढलं तर प्रमाण चुकतं.

वजन करा, थेंब मोजू नका

भारतात, युरोपात आणि जपानमध्ये फिनॉक्सीची कमाल मर्यादा तयार मालाच्या १ टक्का आहे. ही मर्यादा वजनावर आहे आणि गोंधळ इथेच सुरू होतो. १०० ग्रॅम क्रीममध्ये सिरिंजने मोजून १ मिली टाकलं की ‘एक टक्का झाला’ असं वाटतं. पण १ मिली फिनॉक्सीचं वजन १.१ ग्रॅम भरतं. म्हणजे पहिल्याच पायरीवर मर्यादा ओलांडली. ज्यांना मिलीतच मोजायचंय त्यांनी १०० ग्रॅममागे ०.८ मिली धरावेत, ते ०.८८ ग्रॅम होतात. तरी काट्यावर मोजणं केव्हाही बरं.

थेंबांचा हिशोब तर अगदीच भरवशाचा नाही. ड्रॉपरच्या तोंडाच्या जाडीप्रमाणे एक थेंब ०.०३ मिलीचा असतो किंवा ०.०५ मिलीचा. वीस थेंब म्हणजे ०.६६ ग्रॅमही होऊ शकतात आणि १.१ ग्रॅमही. पहिल्या आकड्याला बुरशी लागते, दुसऱ्याला चेहरा चुरचुरतो. बनवणारा मात्र दोन्ही वेळा ‘तेवढंच तर घातलं होतं’ म्हणतो.

आमच्या मते लक्ष्य ०.८ ते ०.९ टक्के ठेवावं. पूर्ण १ वर नेम धरू नये, कारण काट्याची चूक, भांड्याला चिकटलेला माल आणि उडून गेलेलं पाणी यांना थोडी जागा लागते. उडालेल्या पाण्याकडे फारच कमी लोक लक्ष देतात. ५०० ग्रॅमची बॅच ७५ अंशांवर अर्धा तास उघडी गरम केली की तीसचाळीस ग्रॅम पाणी सहज जातं. म्हणून रिकाम्या भांड्याचं वजन आधी लिहून ठेवा. क्रीम थंड झाल्यावर पुन्हा वजन करा, कमी पडलेलं पाणी उकळून थंड केलेल्या डिस्टिल्ड पाण्याने भरून काढा आणि मग फिनॉक्सी घाला. ५०० ग्रॅमला ०.९ टक्क्याने ४.५ ग्रॅम लागतं. १०० ग्रॅमच्या बाटलीत अशा प्रमाणाने ११ किलो माल निघतो, तेव्हा छोट्या युनिटने मोठा कॅन घेऊन वर्षानुवर्षं उघडझाक करत बसण्यात अर्थ नाही.

आता लपलेलं फिनॉक्सी. बाजारातलं तयार कोरफड जेल, ग्लिसरीनमधले वनस्पतींचे अर्क, द्रवरूप ‘ॲक्टिव्ह’ यांपैकी बऱ्याच मालात फिनॉक्सी आधीच घातलेलं असतं. समजा जेलमध्ये ते ०.८ टक्के आहे आणि तुमच्या फॉर्म्युल्यात जेल ५० टक्के. म्हणजे ०.४ टक्के आलंच. त्यावर सवयीने ०.९ टाकलं की बेरीज १.३ झाली. मर्यादा बेरजेला लागू होते, तुम्ही स्वतः टाकलेल्या भागाला फक्त नाही. प्रत्येक कच्च्या मालाच्या कागदावर ‘फिनॉक्सीइथॅनॉल’ हा शब्द शोधायची सवय लावा.

तयार मिश्रणात हे गणित थोडं बदलतं. सर्वांत परिचित मिश्रण म्हणजे ९० भाग फिनॉक्सी आणि १० भाग इथिलहेक्झिलग्लिसरीन. युक्सिल पीई ९०१० हे त्याचं गाजलेलं नाव. ते १ टक्का घातलं की फिनॉक्सी ०.९ टक्के होतं आणि १.१ टक्क्याला ०.९९. नवशिक्याने शुद्ध फिनॉक्सीऐवजी हे मिश्रण घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. इथिलहेक्झिलग्लिसरीन पृष्ठताण कमी करतं, त्यामुळे फिनॉक्सी जंतूच्या पेशीच्या आवरणापर्यंत सहज पोचतं आणि तेवढ्याच मात्रेत काम जास्त होतं. उणी बाजू एवढीच की इथिलहेक्झिलग्लिसरीनची ॲलर्जी क्वचित नोंदवली गेली आहे, आणि काही इमल्शन (तेल-पाणी एकजीव केलेली क्रीम-लोशन) या मिश्रणाने थोडी सैल होतात.

तळाशी बसलेला थेंब

फिनॉक्सी पाण्यात विरघळतं, पण जेमतेम: लिटरला २४ ते २६ ग्रॅम. १ टक्का त्या मर्यादेच्या आतच आहे, म्हणून लोक बेफिकीर राहतात. काचेच्या बीकरमध्ये २०० मिली गुलाबपाणी घ्या आणि त्यात १.८ ग्रॅम फिनॉक्सी सोडा. थेंब पृष्ठभागावर क्षणभर अडतो, मग सरळ बुडतो आणि तळाला भिंगासारखा चपटा होऊन बसतो. चमच्याने दोनदा फिरवलं की त्या एका भिंगाची दहा बारीक भिंगं होतात. वरून पाहिलं तर पाणी स्वच्छ दिसतं. उजेडासमोर बीकर तिरका धरला तर तळाशी तेलकट मणी घरंगळताना दिसतात.

असं टोनर बाटलीत भरलं तर वरच्या पाण्यात फिनॉक्सी अपुरं राहतं आणि तळाशी शुद्ध रसायनाचा साठा होतो. स्प्रेची नळी नेमकी तळापर्यंत गेलेली असते. चेहऱ्यावर फवारा मारणाऱ्याच्या पापणीवर काय येईल, याचा विचार करा. म्हणून पाणीदार मालात फिनॉक्सी आधी ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये मिसळून घ्या, मग तो घोल थोड्या कोमट पाण्यात ओतून किमान दहा-पंधरा मिनिटं ढवळा आणि भरण्याआधी उजेडासमोर तपासा. मणी दिसला तर ढवळत राहा.

क्रीम-लोशनमध्ये मिसळणं सोपं, पण वेळ चुकवू नका. ४० ते ४५ अंशांपर्यंत थंड झाल्यावर घालावं. गरम असताना टाकलं तर ते ‘मरतं’ अशी समजूत आहे, ती बरोबर नाही. त्याचा उत्कलनांक २४७ अंशांच्या आसपास आहे आणि ७५ अंशांना ते फुटत नाही. खरी अडचण अशी की पाण्याच्या वाफेबरोबर थोडं निघून जातं, ती वाफ घशाला लागते, आणि तेल-पाण्याची वीण पक्की बसायच्या आत असा द्रावक मध्ये शिरला तर वीण उसवते. कमकुवत इमल्सिफायरवर (तेल-पाणी जोडून ठेवणाऱ्या घटकावर) बांधलेलं क्रीम फिनॉक्सी टाकल्यावर पाच मिनिटांत पातळ पडलं, तर दोष बहुधा फॉर्म्युल्याचा असतो. इमल्सिफायर अर्धा-एक टक्का वाढवा किंवा सिटोस्टिअरिल अल्कोहोलसारखा दाटपणा देणारा घटक थोडा वाढवा. फिनॉक्सी कमी करून क्रीम घट्ट ठेवण्याचा मोह टाळा.

तेल त्याला पळवतं

जंतू वाढतात पाण्यात, आणि फिनॉक्सीला तेलाची ओढ आहे. किती ओढ, ते तेलावर ठरतं. शेंगदाणा तेल आणि पाणी एकत्र असतील तर फिनॉक्सीचं तेलातलं प्रमाण पाण्यातल्या प्रमाणाच्या साधारण २.६ पट होतं. आयसोप्रोपिल पामिटेटमध्ये २.९ पट. लिक्विड पॅराफिनमध्ये (खनिज तेलात) मात्र फक्त ०.३ पट. हे तीन आकडे पाठ करण्यासारखे आहेत.

१०० ग्रॅम क्रीम घ्या: ४० भाग तेल, ६० भाग पाणी, ०.९ ग्रॅम फिनॉक्सी. तेल शेंगदाण्याच्या जातीचं असेल तर पाण्याच्या भागात उरतं जेमतेम ०.५५ टक्के. तेच लिक्विड पॅराफिन असेल तर पाण्याच्या भागात सव्वा टक्क्यापर्यंत जातं. बाटली तीच, वजन तेच, पण एका क्रीमला दीड महिन्यात वास येतो आणि दुसरं वर्षभर टिकतं. ‘पॅराफिन काढून सगळं नैसर्गिक तेल घातलं आणि लगेच बुरशी आली’ या तक्रारीच्या मुळाशी बऱ्याचदा हेच असतं. इलाज म्हणून फिनॉक्सी वाढवता येत नाही, कारण १ टक्क्याची भिंत समोर आहे. मग तेल २० टक्क्यांवर आणा, किंवा जोडीला दुसरं प्रिझर्वेटिव्ह घ्या.

जोडीदार तसाही लागतोच. फिनॉक्सीचा हात स्यूडोमोनाससारख्या ग्रॅम-ऋण जीवाणूंवर चांगला चालतो, आणि पाणीदार कॉस्मेटिकमधला सगळ्यात चिवट पाहुणा तोच आहे. यीस्ट आणि बुरशीवर मात्र एकट्या फिनॉक्सीची पकड ढिली असते. कोकणातल्या पावसाळ्यात हा ढिलेपणा लगेच उघडा पडतो. सगळ्यात स्वस्त जोड म्हणजे सोडियम बेंझोएट ०.३ टक्के आणि धातूंचे अंश बांधून प्रिझर्वेटिव्हला मदत करणारं डायसोडियम ईडीटीए ०.१ टक्का. पण बेंझोएट आम्ल रूपात असेल तरच काम करतं. पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. पीएच ४.५ ला त्याचा सुमारे तिसरा हिस्सा कामाच्या रूपात असतो, ५ ला १४ टक्के, ५.५ ला ५ टक्क्यांच्याही खाली. म्हणजे पीएच मीटरशिवाय बेंझोएट घालणं म्हणजे मीठ घातल्यासारखंच. फिनॉक्सीची खरी श्रीमंती इथे दिसते: पीएच ३ ते १० च्या दरम्यान त्याच्या कामात फारसा फरक पडत नाही. त्यामुळे आम्लाची चिंता फक्त जोडीदाराची.

काही माल असे आहेत की तिथे फिनॉक्सीवर भिस्त ठेवूच नये. सुगंधी तेल पाण्यात विरघळवायला पाच-दहा टक्के पॉलिसॉर्बेट घातलेले फेस मिस्ट, हा एक. पॉलिसॉर्बेटचे सूक्ष्म गोळे फिनॉक्सीला पोटात घेऊन बसतात आणि जंतूंसाठी ते उरत नाही. मुलतानी माती, बेसन, हळद घालून ओलं बनवलेलं तयार उटणं, हा दुसरा. माती आणि डाळीच्या पिठात बीजाणू आधीच भरपूर असतात आणि पीठ म्हणजे त्यांचं जेवण. असं उटणं कोरडं विका, ग्राहकाने ते पाण्यात किंवा दुधात भिजवून त्याच दिवशी संपवावं. कोरड्या उटण्याला, मसाजच्या तेलाला, मेण आणि तुपावरच्या लिपबामला पाणी नसल्याने प्रिझर्वेटिव्ह लागतच नाही. ओलं बोट किंवा पाण्याचा थेंब आत जाऊ नये एवढं बघायचं. आणि ई जीवनसत्त्व हे प्रिझर्वेटिव्ह नाही. ते तेलाला खवट होण्यापासून जपतं, जंतूला ते काही करत नाही.

धोका कुठे आहे

शुद्ध फिनॉक्सी डोळ्यात गेलं तर गंभीर इजा होऊ शकते, गिळलं तर अपायकारक आहे, वाफ श्वसनमार्गाला त्रास देते. युरोपातल्या वर्गीकरणात हे तिन्ही इशारे त्याच्या नावापुढे आहेत. भरताना नायट्राइल हातमोजे आणि बाजूंनी बंद असलेला चष्मा घाला. थेंब डोळ्यात उडाला तर पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा, आणि नंतर बरं वाटलं तरी नेत्रतज्ज्ञाकडे जा. त्वचेवर सांडलं तर साबण-पाण्याने धुवा. कुणी गिळलं तर उलटी करवू नका. बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा.

घरच्या ओट्यावर काम करणाऱ्यांसाठी सगळ्यात मोठा धोका रूपाचा आहे. दिसायला ग्लिसरीन, वासाला गुलाब. दोन्ही बाटल्या शेजारी, दोन्हींवरचं लेबल तेलकट होऊन पुसलेलं. फॉर्म्युल्यात ग्लिसरीन ५ टक्के असतं. अदलाबदल झाली तर पाच टक्के फिनॉक्सी असलेलं लोशन तयार होतं. बाटलीला लाल चिकटपट्टी गुंडाळा, कुलपात ठेवा, आणि रिकामी बाटली धुऊन त्यात दुसरं काही भरू नका.

शरीरात गेलेलं फिनॉक्सी यकृतात बदलून मुख्यतः फिनॉक्सीॲसेटिक ॲसिडच्या रूपात लघवीवाटे निघून जातं. मोठ्या मात्रेत ते मज्जासंस्थेला गुंगी आणतं. मत्स्यपालनात माशांना भूल द्यायला ते याच गुणामुळे वापरतात. हातमोज्यांशिवाय असं काम करणाऱ्या तीन महिला कामगारांना डोकेदुखी, हातांची संवेदना कमी होणं आणि बौद्धिक कामात अडचण असे त्रास झाल्याची नोंद १९९० च्या वैद्यकीय साहित्यात आहे. क्रीम लावणाऱ्याने त्यावरून घाबरू नये, पण उघड्या हातांनी रोज बाटल्या भरणाऱ्याने ती नोंद जरूर मनावर घ्यावी.

बाळांचा प्रश्न वेगळा, आणि इथे आम्ही कडक आहोत. मे २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने स्तनाग्रांवर लावायच्या एका क्रीमविरुद्ध इशारा दिला. त्यात फिनॉक्सी आणि क्लोरफेनेसिन ही दोन्ही प्रिझर्वेटिव्ह होती. दूध पिताना ते बाळाच्या पोटात जाऊन श्वास मंदावणं, उलट्या, जुलाब होऊ शकतात असं कारण दिलं होतं. २०१२ मध्ये फ्रान्सच्या औषध नियामक संस्थेने तीन वर्षांखालच्या मुलांच्या नॅपीच्या जागी लावायच्या मालात फिनॉक्सी नको आणि त्यांच्या इतर मालात ते ०.४ टक्क्यांवर ठेवा, अशी शिफारस केली. त्यानंतर २०१६ मध्ये युरोपच्या वैज्ञानिक समितीने सगळा डेटा पाहून १ टक्का सर्व वयोगटांना सुरक्षित ठरवला. युरोपच्या कायद्यातली मर्यादाही १ टक्काच आहे. तरीही लघुउत्पादकाने नॅपीच्या जागेचं आणि स्तनाग्रांचं क्रीम फिनॉक्सी घालून बनवू नये. तिथे पाणीच नसलेला माल, म्हणजे लॅनोलिन किंवा खोबरेल तेलावरचा बाम, सहज बनतो. मग हा वाद घरात आणायचाच कशाला? बाळाच्या मालिशीच्या तेलात तर ते घालण्याचं काहीच कारण नाही.

ॲलर्जीच्या बाबतीत त्याचं वागणं चांगलं आहे. पॅच टेस्टमध्ये (त्वचेवर पट्टी लावून केलेल्या ॲलर्जीच्या चाचणीत) फिनॉक्सीला प्रतिक्रिया देणारे फार थोडे सापडतात. एके काळी युक्सिल के ४०० नावाच्या मिश्रणामुळे त्याची बदनामी झाली, पण त्यातला खरा गुन्हेगार मिथिलडायब्रोमो ग्लुटारोनायट्राइल निघाला आणि युरोपने तो कॉस्मेटिकमधून बाहेर काढला. चुरचुर मात्र खरी. पापणीजवळ, ओठांवर, दाढीनंतर किंवा सोललेल्या त्वचेवर ०.९ टक्क्यालाही काहींना झोंबतं. डोळ्यांभोवतीच्या क्रीममध्ये ०.५ टक्के फिनॉक्सी आणि पीएच साधलेलं बेंझोएट ही जोडी बरी पडते.

शेजारच्या फळीवरच्या इतर प्रिझर्वेटिव्हशी तुलना थोडक्यात करू. मिथिलआयसोथायाझोलिनोन अगदी कमी मात्रेत चालतं, पण ॲलर्जीची लाट आणल्यामुळे २०१३ मध्ये अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने त्याला ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ ठरवलं, आणि लावून ठेवायच्या मालात ते युरोपात बंद आहे. डीएमडीएम हायडँटोइन फॉर्माल्डिहाइड सोडतं. पॅराबेन स्वस्त आणि बुरशीवर फिनॉक्सीपेक्षा सरस. मिथिल पॅराबेनची बदनामी गरजेपेक्षा जास्त झाली असं आम्हाला वाटतं, पण ग्राहक लेबलवर तो शब्द दिसला की माल खाली ठेवतो. एवढ्यांमध्ये फिनॉक्सी सगळ्यात कमी कटकटीचं आहे. फक्त ‘नैसर्गिक’ म्हणून ते विकू नका. ग्रीन टीमध्ये सापडतं असं सांगून बाटल्या खपवल्या जातात. बाटलीतलं रसायन कारखान्यातलंच असतं, आणि कॉसमॉस या सेंद्रिय प्रमाणपत्रात त्याला जागा नाही.

विक्री करायची असेल तर कॉस्मेटिक्स नियम, २०२० लागू होतात. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून सीओएस-८ नमुन्यातला उत्पादन परवाना लागतो आणि घटक बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) आयएस ४७०७ मानकात बसावे लागतात. लेबलवर ‘फिनॉक्सीइथॅनॉल’ हे नाव पूर्ण लिहायचं, ‘सौम्य प्रिझर्वेटिव्ह’ असं मोघम नाही. आणि प्रयोगशाळेत चॅलेंज टेस्ट करून घ्या. आयएसओ ११९३० प्रमाणे मालात मुद्दाम जीवाणू, यीस्ट आणि बुरशी सोडून २८ दिवस मोजणी होते. तेल बदललं, सुगंध बदलला, पंपाऐवजी रुंद तोंडाची बरणी घेतली, तर जुना अहवाल गृहीत धरू नका.

भरताना एक जागा हमखास दुर्लक्षित राहते: झाकणाची आतली बाजू. क्रीम कोमट असताना बरणी बंद केली की वाफ झाकणाखाली जमते आणि तिचे थेंब क्रीमवर पडतात. ते जवळजवळ निव्वळ पाणी, त्यात फिनॉक्सी नगण्य. पहिला हिरवट-काळा ठिपका तिथेच उगवतो आणि दोष प्रिझर्वेटिव्हला दिला जातो. क्रीम खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बरण्या अल्कोहोलने पुसलेल्या झाकणीखाली किंवा स्वच्छ कापडाखाली ठेवा, मग बंद करा. प्रत्येक बॅचच्या दोन बरण्या बाजूला काढून एक कपाटात आणि एक बाथरूममध्ये ठेवा, तारीख आणि फिनॉक्सीचा बॅच क्रमांक वर लिहा, आणि दर पंधरा दिवसांनी झाकण उलटं करून बघा. बाथरूममधल्या बरणीत दिवसाआड ओलं बोट घाला, ग्राहक घालतो तसंच.